पावसाळ्याआधी हातात चारच तास असतील तर गाडीच्या रंगासाठी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत विश्रामबागला कडुनिंबाखाली उघड्यावर उभी राहणारी गडद निळी हॅचबॅक, चार वर्षांची. धुण्यापलीकडे रंगावर आजवर काहीच केलेलं नाही, आणि धुवायला बोअरचं पाणी. मे संपायच्या आत एका रविवारी सकाळचे चार तास मिळणार आहेत. तेवढ्या वेळात रबिंग (कंपाउंड लावून रंगाचा वरचा थर घासणं) करून घ्यावं, वॅक्स लावावं, की सिरॅमिक कोटिंग (काचेसारखा कडक, पातळ थर)?

चारच तास असतील तर रबिंगला हात लावू नका, आणि सिरॅमिकही या रविवारपुरतं बाजूला ठेवा. तीन तास रंग स्वच्छ करण्यात घाला आणि शेवटचा अर्धा तास सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा संरक्षक थर, लावण्यात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पंधरा मिनिटांत गाडी धुतात आणि उरलेला वेळ चमक आणण्यात घालवतात. मग सीलंट रंगावर बसतच नाही, तो रंगावरच्या डांबरावर, लोखंडाच्या कणांवर आणि क्षारांवर बसतो आणि पहिल्या दोन-तीन पावसांत त्यांच्यासकट निघून जातो. महागडी बाटली फुकट जाते ती इथेच.

रबिंग का नको, ते सांगतो. कारखान्यातून येणाऱ्या रंगाची पत्र्यावरची एकूण जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन असते. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅड लावून केलेलं एक रबिंग यातले तीन ते पाच मायक्रॉन सहज खातं, आणि दाराच्या कडा, बॉनेटच्या घड्या अशा उंचवट्यांवर त्याहून जास्त. हा थर परत भरून येत नाही. घाईत फिरवलेलं रोटरी मशीन वर धुरकट गोल छटा सोडतं ती वेगळीच. गॅरेजच्या सावलीत त्या दिसत नाहीत, गडद निळ्यावर उन्हात लगेच दिसतात. रबिंग वाईट नाही, पण ते मोजून आणि दिवसभर वेळ काढून करायचं काम आहे.

सिरॅमिकचं कारण निराळं आहे. ते लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून खालचा रंग आधी पॉलिश करून नीट करावा लागतो. तो न करता लावलं तर आज दिसणारे सगळे चरे आणि डाग काचेखाली ठेवल्यासारखे पक्के होतात. लावल्यावर पहिले 12 ते 24 तास पाण्याचा थेंब चालत नाही आणि आठवडाभर धुता येत नाही. मेच्या शेवटी सांगलीत दुपारनंतर वळीव कधी कोसळेल याचा भरवसा नसतो, आणि तुमची गाडी उघड्यावर. जाहिरातीतलं '9 एच' हे पेन्सिलच्या कडकपणाच्या मापातलं आहे. एक-दोन मायक्रॉनच्या थराने खडी थांबत नाही. खडी थांबवायची तर 150 ते 200 मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्मच लागते.

आता काम. वेळ सकाळी सहा ते दहा. मे महिन्यात नऊनंतर सांगलीचं ऊन पत्रा इतका तापवतं की शॅम्पू आणि केमिकल रंगावरच वाळतात. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून पाहा. कोमट लागलं तरी केमिकल मारू नका. सामान आदल्या रात्री काढून ठेवा, कारण सकाळचा अर्धा तास शोधाशोधीतच जातो. दोन बादल्या, चाकांसाठी तिसरी, मायक्रोफायबरचे दोन हातमोजे (एक वरच्या अंगाला, एक खालच्या), पीएच न्यूट्रल कार शॅम्पू, डांबर काढायचं टार रिमूव्हर, लोखंडाचे कण काढायचं आयर्न रिमूव्हर, क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), अंग टिपायचा मोठा टॉवेल, सहा-सात स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, स्प्रे सीलंट आणि रबरी हातमोजे. शेवटच्या हातासाठी आरओ फिल्टरचं आठ-दहा लिटर शुद्ध पाणी कॅनमध्ये भरून ठेवा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र अजिबात घेऊ नका. वाया जाऊ नये म्हणून बरेच जण त्याने गाडी धुतात, पण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. एसीचं ठिबकणारं पाणी फडक्यातून गाळून घेतलं तर चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

धुण्याला पन्नास मिनिटं द्या आणि ती कमी करू नका. आधी चाकं, त्यांच्या वेगळ्या बादलीतून. ब्रेकची काळी पूड अंगाच्या हातमोज्यात आली की तोच हातमोजा पॉलिश पेपर होतो. मग नुसत्या पाण्याने पूर्ण गाडी भिजवा आणि चार-पाच मिनिटं तशीच राहू द्या. आपल्याकडची काळी माती सुकली की घट्ट धरते. भिजून फुगली की पाण्याच्या धारेने आपोआप सुटते, आणि जेवढी धारेने गेली तेवढी हाताखाली घासली जात नाही. प्रेशर वॉशर असेल तर नोझल रंगापासून फूटभर लांब धरा. रंग उडालेल्या जागी किंवा स्टिकरच्या कडेवर जवळून धार मारली तर रंगाचा पापुद्रा उचलला जातो.

नंतर दोन बादल्या: एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाचा शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा शॅम्पूतून काढायचा, एक भाग धुवायचा, नुसत्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच परत शॅम्पूत. क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या हातमोज्याने दारांचा खालचा अर्धा भाग आणि बंपर. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको. भांड्यांचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर दोन्ही टाळा. पावडर अल्कधर्मी असते आणि तिचे न विरघळलेले कण रंगावर चरे पाडतात. वॉशिंग सेंटरवर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात, तोही या कामात घातक आहे. त्याचा तेलकट थर रबर फुगवतो, धूळ धरतो आणि सीलंटला टिकू देत नाही.

आता डांबर. दारांच्या खालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या मागचा भाग पाहा. महामार्गाच्या कामातून साताऱ्याला जाऊन-येऊन असाल तर काळे ठिपके नक्की असतील. टार रिमूव्हर फडक्यावर घ्या, ठिपक्यावर अर्धा-एक मिनिट टेकवून ठेवा आणि मग पुसा. विरघळायला वेळ दिला नाही तर त्यातली बारीक खडी रंगावरून ओढली जाते. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण मागे तेलकटपणा राहतो, म्हणून ती जागा परत शॅम्पूने धुवावी लागते. एनसी थिनर कधीही वापरू नका. कारखान्याचा रंग कदाचित तो सोसेल, पण कुठे टचिंग (टवक्यात थेंबभर रंग भरणं) किंवा पुन्हा रंगकाम झालेलं असेल तर तो रंग मऊ होऊन सुरकुततो, आणि प्लॅस्टिकचे भाग पांढरे पडतात.

यानंतर आयर्न रिमूव्हर. बऱ्याच जणांना हे विकण्याचं निमित्त वाटतं, पण सांगली-मिरज भागात त्याची गरज खरी आहे. मिरज जंक्शनच्या आसपास रेल्वेच्या ब्रेकची लोखंडी पूड हवेत असते, कुपवाड एमआयडीसीकडे ग्राइंडिंग आणि कास्टिंगची, आणि आपल्याच ब्रेकची तर रोजची. हे कण गरम असताना क्लिअर कोटमध्ये रुततात आणि पावसाच्या पाण्यात गंजून भोवती तपकिरी ठिपका तयार करतात. गडद रंगावर तो ठिपका दिसत नाही, हाताला मात्र लागतो. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच फिरवा. खरखर लागली की समजा, कण आहेत. द्रावण थंड आणि ओल्या रंगावर फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा. लोखंडाला लागून ते जांभळं होऊन ओघळेल. वास उग्र असतो, हातमोजे घालाच. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. टार आणि आयर्न मिळून अर्धा तास पुरतो.

उरलेला खरखरीतपणा क्ले बार काढतो. 100 ग्रॅमच्या वडीतला अर्धा भाग घ्या, तळहातावर चपटा करा, दोन फूट बाय दोन फूट जागा शॅम्पूच्या पाण्याने भरपूर ओली करा आणि दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे चालवा. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग हात काचेवरून सरकल्यासारखा सरकतो. तसा सरकला की त्या जागेचं काम झालं. क्ले काळा दिसला की घडी घालून नवी बाजू काढा. खाली पडला तर धुवून परत वापरू नका, टाकूनच द्या. मातीचा एक खडा त्यात बसला तर पुढच्या प्रत्येक हाताला चरा पडतो. वेळ कमी असेल तर पाऊण तासात फक्त आडवे भाग करा: बॉनेट, टप, डिकीचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा पट्टा. उभ्या भागांवर कण कमी बसतात, ते पुढच्या वेळेला ठेवता येतात. क्लेने मऊ गडद रंगावर अगदी हलका धूसरपणा येऊ शकतो. तो सहन करा. त्याच्या बदल्यात मिळणारा स्वच्छ पृष्ठभाग जास्त मोलाचा आहे.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग राहिले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्या जागेवर दोन-तीन मिनिटं फडकं ठेवा आणि धुवा. त्यानेही गेले नाहीत तर क्षार रंगात खोल उतरले आहेत, ते पॉलिशशिवाय जाणार नाहीत. आज तिथे थांबा. तासगावकडे द्राक्षबागेशेजारी गाडी लावायची वेळ येत असेल तर बोर्डोच्या फवाऱ्याचे निळसर-पांढरे डागही असेच काढायचे. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण सौम्य आम्लात विरघळतं, फक्त वाळून महिना होऊ देऊ नका.

शेवटचं पाणी आरओचं. टपावर मग्गाने हलकेच सोडा, ते चादरीसारखं खाली वाहतं आणि बोअरचं पाणी सोबत घेऊन जातं. मोठा टॉवेल रंगावर पसरून ओढा, घासू नका. आरशांच्या फटी, दाराच्या हँडलमागची जागा, नंबर प्लेटमागची जागा, यातलं पाणी नंतर ओघळून डाग पाडतं, तेही टिपा.

आता टचिंग, आणि हे पावसाळ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बॉनेटची पुढची कड, टपाची काचेवरची कड आणि चाकांच्या कमानी बघा. खडीने उडालेले टवके असतील तर चमक राहू द्या, आधी हे करा. पत्रा उघडा पडलेला टवका एका पावसाळ्यात भोवतालच्या रंगाखाली गंज पसरवतो, आणि मग बाटलीतल्या रंगाचं काम पॅनल रंगवण्यावर जातं. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या कोडची लहान बाटली आधी आणून ठेवा. गंज असेल तर 800 नंबरच्या पॉलिश पेपरचा तुकडा पेन्सिलच्या टोकाला गुंडाळून तेवढाच खरवडा, अल्कोहोलने पुसा, उघड्या पत्र्यावर प्रायमरचा थेंब, मग टूथपिकने रंगाचे दोन पातळ थर, मध्ये वीस मिनिटं. एकच जाड थेंब भरला तर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि आठवड्यात आक्रसतो. बाटलीबरोबर येणारं झाकण-ब्रश या कामासाठी जाडा आहे, त्यामुळे कडेच्या चांगल्या रंगावर फासला जातो. या ठिकाणी आज सीलंट लागू देऊ नका, तेवढी जागा सोडून लावा. दुसऱ्या दिवशी क्लिअरचा थेंब, आठवड्याने सीलंट. क्रम उलटा झाला, म्हणजे सीलंट आधी आणि टचिंग नंतर, तर रंग धरतच नाही.

टचिंगचे थर सुकत असताना बाकीचं अंग पुसून घ्या. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, आरओचं पाणी चार भाग, स्प्रे बाटलीत. पॅनलवर दोन-तीन फवारे, स्वच्छ फडक्याने पुसा. याने टार रिमूव्हरचा आणि शॅम्पूचा उरलेला थर जातो. घरात पडून असलेलं सॅनिटायझर इथे वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते रंगावर चिकट पडदा ठेवतं. अल्कोहोल पेट घेतं, जवळ उदबत्ती-गॅस नको.

सीलंट कोणता? कार्नोबा वॅक्स दिसायला सुरेख, पण उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा 70 अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात ते फार तर दीड-दोन महिने धरतं. पॉलिमर सीलंट नीट स्वच्छ रंगावर तीन ते सहा महिने टिकतो. सिलिकायुक्त स्प्रे सीलंट त्याच्या खालोखाल, पण लावायला निम्मा वेळ. तुमच्या चार तासांना स्प्रेच योग्य. एका वेळी अर्धं बॉनेट एवढीच जागा, दोन किंवा तीन फवारे, एका फडक्याने पसरवा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उलटा-सुलटा पुसा. जास्त फवारे मारले की रेषा उठतात आणि नुसत्या पुसण्याने जात नाहीत. तसं झालं तर त्याच जागी पुन्हा एक फवारा मारून लगेच पुसा, जुना थर नव्यात मिसळतो. लावल्यावर बाटलीवर लिहिलेले तास, बहुधा चार ते आठ, गाडी कोरडी हवी. सकाळी दहाला काम संपवायचं एक कारण हेही आहे: संध्याकाळी वळीव आला तरी सीलंटला तेवढा वेळ मिळतो. आणि तोवर गाडी कडुनिंबाखाली नेऊ नका.

एवढं करून साडेतीन तास होतात. उरलेला अर्धा तास मोकळाच ठेवा, डांबर नेहमी अंदाजापेक्षा जास्त निघतं. उलट चार तासांचे दीडच उरले तर क्ले आणि आयर्न सोडा, पण धुणं, आरओचं शेवटचं पाणी, पत्रा उघडा पडलेले टवके आणि सीलंट सोडू नका. गोल चऱ्यांची जाळी खुपतच असेल तर स्प्रे सीलंटऐवजी हाताने लावायचं क्लीनर वॅक्स फक्त बॉनेटवर वापरून पाहा. त्यात अगदी बारीक घासणारे कण आणि वॅक्स एकत्र असतात, वीस मिनिटांत डोळ्यांना बरंच समाधान मिळतं. ते टिकतं मात्र कमी.

ती जाळी पडते कशाने? बहुतेक घरांत रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली जाते, आणि हे एक काम सर्वात जास्त चरे पाडतं. फडकं वर, रंग खाली, मध्ये धूळ. धूळ असू द्या, धुवेपर्यंत तिने काही बिघडत नाही. मळक्या गाडीवर कव्हर घालणं त्याहून वाईट, वाऱ्याने ते दिवसभर घासत राहतं. झाडाखाली कावळ्यांची विष्ठा पडणारच. तिच्यातलं आम्ल आणि उन्हात मऊ झालेला क्लिअर कोट मिळून दोन दिवसांत खळगा पाडतात. दाराच्या कप्प्यात अर्धा लिटर पाण्यात दोन-तीन थेंब शॅम्पू घालून बाटली ठेवा. टिश्यू पेपर भिजवून डागावर पाच मिनिटं ठेवा, मग उचला. खरवडू नका.

पाऊस चालू असताना पाणी रंगावर थेंब न धरता पसरून बसायला लागलं की सीलंट संपत आला. श्रावणात उघडीप मिळाली की धुवून परत एक हात द्या, या वेळी दीड तास पुरतो. आणखी एक हात दसऱ्याच्या आठ दिवस आधी. पूजेला बॉनेटवर हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या पाकळ्या रात्रभर चिकटून राहतात. हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो, पण रंग घातलेलं कुंकू जुन्या चऱ्यांत उतरलं की निघत नाही. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढलं तर पूजाही होते आणि रंगही राहतो. त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो. कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर सकाळी चिपाडाची काळी राख बसलेली असते. तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणून ती फुंकूनही टाकू नका आणि पुसू तर नकाच, आधी पाण्याने उतरवा. वाळवा-आष्ट्याकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली तर गाडी थोडी अलीकडेच थांबवा. बाजूला लोंबणाऱ्या पाचटाच्या कडा दारांवर लांब रेघा ओढतात, आणि त्या रेघांना कुठलाच सीलंट अडवत नाही.